निळं पोट

उकळत्या गुळाच्या पाण्यात रवा पडला की जो वास सुटतो तो बाकीच्यांना शिऱ्याचा वाटत असेल, मला अजूनही प्रयोगशाळेचा वाटतो. २००१-०२ ला एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षी माझ्या प्रोजेक्टला चिलटांच्या अळ्या होत्या आणि त्यांचं जेवण आम्हीच रांधायचो, पाणी, गूळ, रवा, अगार म्हणजे आपलं चायना ग्रास, आणि शेवटी गॅस बंद करून थोडं प्रोपिऑनिक ॲसिड, बुरशी धरू नये म्हणून. परदेशात मक्याचं पीठ वगैरे घालतात, आपल्याकडे बऱ्याच लॅबमध्ये गूळ आणि रवाच. गूळ आणायचं काम माझ्याकडे, कारण मामांचं गुऱ्हाळ होतं. (कोल्हापूरबाहेरच्यांसाठी सांगते, आमच्याकडे गुळाच्या ढेपेलाही रवाच म्हणतात, त्यामुळे लॅबच्या वहीत ‘रवा १०० ग्रॅम’ असं वाचून मामा गोंधळले होते.) आई म्हणायची, "माश्यांस्नी घालाय एवढा चांगला गूळ न्यायलीस?" पण मामांना आश्चर्य वाटलं नाही, कारण काकवीच्या डब्याभोवती, ओल्या चिपाडावर, जिथं गोड आंबायला लागतं तिथं ही चिलटं असतातच, त्यांना ती रोजच्या ओळखीची.

आधी एक गल्लत दूर करते. आंबा कापला आणि आत पांढऱ्या वळवळणाऱ्या अळ्या निघाल्या तर ती वेगळी माशी, बॅक्ट्रोसेरा, तिला शेतकरी फळमाशी म्हणतात आणि ती चांगल्या धडक्या फळाच्या सालीत अंडी घालते. २०१४ साली युरोपियन युनियनने आपला हापूस थांबवला होता तो या जातीच्या फळमाश्यांमुळे. माझी ती ड्रॉसोफिला, लाल डोळ्यांची, अडीच-तीन मिलिमीटरची, ती आधीच आंबायला लागलेल्या फळावर येते आणि तिच्या अळीला खरं तर फळ नकोच असतं, फळावर वाढलेलं यीस्ट हवं असतं. साखरेवर यीस्ट जगतं, यीस्टवर अळी जगते. अळीचं प्रोटीन तिथून येतं.

आणि काय खाते ती! तोंडात दोन काळे आकडे असतात, जबड्यासारखे पण बाहेर काढता येणारे, ते पुढे टाकायचे, मऊ खाद्यात रुतवायचे, मागे ओढायचे, पुन्हा पुढे. डोकं खाद्यात खुपसलेलं, शेपटाकडची दोन श्वासरंध्रं वर हवेत, जसं कोणी पाण्यात बुडून नळीनं श्वास घ्यावा तसं. माझं काम होतं ते आकड्यांचे फेरे मोजायचं. पेट्री डिशमध्ये यीस्टचं पातळ पाणी, त्यात एक अळी, मायक्रोस्कोपखाली, एका हातात स्टॉपवॉच आणि दुसऱ्या हातात काउंटर, एक मिनिट. शंभराच्या वर भरायचे. एका मिनिटात शंभराच्या वर घास, आणि ते मिनिट संपलं की पुढचं मिनिट तसंच, रात्र असो दिवस असो.

२५ अंश तापमानाला अंड्यातून अळी निघायला साधारण एक दिवस लागतो, मग पहिली कात एका दिवसात, दुसरी आणखी एका दिवसात, आणि तिसऱ्या अवस्थेत ती दोनेक दिवस भरपूर खाते. या चार दिवसांत तिचं वजन साधारण दोनशे पट होतं. तीन किलोचं बाळ चार दिवसांत सहाशे किलोचं झालं, म्हणजे गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावरच्या चांगल्या म्हशीएवढं, असा हिशोब मी वहीच्या मागच्या पानावर केला होता आणि तो आकडा बघून बराच वेळ तशीच बसले होते. त्यातही गंमत अशी की अळीच्या अंगातल्या बहुतेक पेशी संख्येनं वाढत नाहीत, त्या नुसत्या फुगत जातात, आतला डीएनए पुन्हा पुन्हा कॉपी होतो आणि पेशी मोठी होते पण दुभंगत नाही. आपल्या बीएस्सीच्या प्रॅक्टिकलला लाळग्रंथी काढून जी जाडजूड पट्टेरी गुणसूत्रं बघायला लावतात ती त्यामुळंच एवढी जाड असतात, आणि हे कारण प्रॅक्टिकलला कुणी सांगत नाही याचं मला अजून वाईट वाटतं, कारण ते कारण कळलं की तो दोरखंड बघताना अंगावर काटा येतो. पेशी खऱ्या अर्थानं वाढत असतात त्या आत दडलेल्या छोट्या पिशव्यांमध्ये, त्यांना इमॅजिनल डिस्क म्हणतात, एका पिशवीतून पंख, एकीतून पाय, एकीतून डोळा. म्हणजे अळी खाते तेव्हा दोघांसाठी खाते, स्वतःच्या फुगणाऱ्या अंगासाठी आणि त्या अंगात घडी घालून ठेवलेल्या, अजून न झालेल्या माशीसाठी.

आता आबांचं सांगते.

आबा म्हणजे माझे वडील, मंगळवार पेठेतल्या तालमीचे. सत्तरच्या दशकात लढायचे. खासबागेत, शाहू महाराजांनी १९१२ ला बांधलेल्या त्या मैदानात, त्यांच्या दोन-तीन कुस्त्या झाल्या, मोठ्या नव्हेत, पण झाल्या. खुराक हा शब्द आमच्या घरात जेवण या शब्दाच्या वरचा. पहाटे जोर-बैठका, मग बदाम शेकड्यानं मोजून वाटलेले, म्हशीचं धारोष्ण दूध, तूप, दुपारी मटण, संध्याकाळी पुन्हा दूध. आजी सांगायची की घरात बाकीच्यांना चहा गुळाचा आणि आबांना बदामाची थंडाई, आणि त्यात कुणाला काही वाटायचं नाही, कारण पोरगं खुराकावर आहे. गुडघा गेला आणि एकोणतिसाव्या वर्षी कुस्ती सुटली. मग एका साखर कारखान्यात काट्यावर नोकरी, उसानं भरलेली गाडी आत जाताना वजन करायची, रिकामी बाहेर येताना वजन करायची, फरक लिहायचा. एवढ्या वर्षांत किती टन ऊस त्यांनी लिहिला असेल.

काही मोजण्या दर चार तासांनी करायच्या असायच्या, आणि हॉस्टेल नव्हतं, म्हणून सरांच्या परवानगीनं एक जुना डिसेक्टिंग मायक्रोस्कोप आणि बारा बाटल्या मी घरी आणल्या. दुधाच्या जुन्या काचेच्या बाटल्या, तोंडाला कापसाचे बोळे, स्वयंपाकघराच्या कट्ट्यावर ओळीनं मांडलेल्या. आईनं दोन दिवस तोंड वाकडं केलं आणि तिसऱ्या दिवशी स्वतःच बोळे नीट बसवायला लागली. आबा ड्यूटीवरून आले की चपला काढायच्या आधी तिकडं बघायचे. एका रात्री मी मोजत होते तर मागे येऊन उभे राहिले.

"काय खातंय त्ये?"

"यीस्ट, आबा."

"आन् थांबतंय कवा?"

"चार दिवस थांबत नाही."

मी त्यांना खुर्चीवर बसवलं आणि डोळा लावायला सांगितलं. बराच वेळ बघत राहिले, श्वास रोखून, अगदी कुस्ती बघतात तसे. मग म्हणाले, "खुराकावर हाय म्हण की पोरगं." आणि त्या रात्रीपासून आमच्या घरात अळ्यांचं नाव पोरं पडलं, पोरांचं खाणं झालं का, पोरं भिंतीवर आली का, असं.

माझ्या प्रोजेक्टचा दुसरा भाग उपाशी ठेवण्याचा होता. ठरावीक वयाच्या अळ्या चिमट्यानं हलकेच उचलून धुवायच्या आणि नुसत्या ओल्या अगारवर ठेवायच्या, पाणी आहे, खायला काही नाही. हा प्रयोग नवा नव्हता. बीडल, टेटम आणि क्लॅन्सी यांनी १९३८ सालीच दाखवलं होतं की एका वयाच्या आधी अन्न काढून घेतलं तर अळी पुढे सरकतच नाही, आणि त्या वयानंतर काढून घेतलं तर ती उपाशीच कोष करते आणि वेळेवर माशी बनते, फक्त लहान माशी. (बीडल आणि टेटमना पुढं १९५८ ला नोबेल मिळालं ते बुरशीवरच्या कामाला.) तिसऱ्या अवस्थेत शिरल्यावर काही तासांतच ही रेघ येते. तिला क्रिटिकल वेट म्हणतात. रेघेच्या अलीकडे भूक म्हणजे थांबणं, वाट बघणं आणि शेवटी मरणं. रेघेच्या पलीकडे भूक लागली तरी गाडी सुटलेली असते.

माझ्या डिशांमध्ये ते अगदी स्वच्छ दिसलं. दुसऱ्या अवस्थेतल्या उपाशी अळ्या अगारवर फिरत राहिल्या, फिरत राहिल्या, रोज थोड्या पारदर्शक होत गेल्या, आणि मला ते बघवेना. तिसऱ्या अवस्थेच्या मध्यातल्या मात्र काचेवर चढल्या आणि कोष झाल्या, आणि त्यातून ज्या माश्या निघाल्या त्या अर्ध्या-मुर्ध्या, चिमुकल्या, पण पंख, डोळे, पाय सगळं जिथल्या तिथं. त्या लहान माश्या मोठ्या होणार नाहीत. हे खूप जणांना माहीत नसतं, घरात दिसणारं बारकं चिलट हे चिलटाचं पिल्लू नसतं, माशी झाल्यावर वाढ संपली, तिचा आकार अळीनं काय खाल्लं त्यावर कायमचा ठरला.

आबांना हे सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी जो प्रश्न विचारला तो व्हायवाला बाहेरून आलेल्या परीक्षकांनीही विचारला नाही. म्हणाले, "मग त्येंचं वजन कोण करतंय?"

"म्हणजे?"

"आगं, वजन भरलं ह्ये कळाय काटा लागतोय. काटा कुठाय त्येंच्यात?"

वर्षानुवर्षं काट्यावर बसलेला माणूसच हे विचारणार. अळीच्या अंगात काटा कुठं आहे. माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी म्हटलं हार्मोन असतात आबा, एक्डायसोन नावाचं, ते सुटलं की कात पडते. "त्ये सुटाय कोण सांगतंय?" मेंदू. "मेंदूला कोण सांगतंय?" मी गप्प.

त्याच उन्हाळ्यात आबांना शुगर निघाली. पायाला साधी जखम झाली होती, भरेना, म्हणून तपासलं तर आकडा एवढा की डॉक्टरांनी दोनदा तपासलं. कुस्ती सुटून पंचवीस वर्षं झाली होती, पण खुराक सुटला नव्हता. जोर-बैठका गेल्या, गुडघ्यानं गेल्या, आणि दूध-तूप-बदाम तसंच चालू, त्यात कारखान्यातला गोड चहा दिवसाला आठ कप. यात त्यांचं चुकलं असं मला कधीच वाटलं नाही. तालमीत खुराक कसा घ्यायचा हे वस्ताद शिकवायचे, कसा पचवायचा ते शिकवायचे, डाव शिकवायचे, पण कुस्ती सुटल्यावर खुराक कसा सोडायचा हे कुणी शिकवलं नाही, आणि मंगळवार पेठेत एकटे आबाच नाहीत, त्यांच्या बरोबरीच्या कितीतरी पैलवानांचं असंच झालेलं मी बघितलंय. अंगाला वाढायची सवय लावलेली असते.

पुढं मी ज्युनिअर कॉलेजात शिकवायला लागले, अळ्या सुटल्या, पण वाचणं सुटलं नाही, आणि आबांचा प्रश्न डोक्यात होताच. मग कळत गेलं. माझ्या प्रोजेक्टच्याच वर्षी, २००२ ला, अमेरिकेतल्या एका गटानं दाखवलं होतं की या अळीच्या मेंदूत मूठभर पेशी, दोन्ही बाजूंना साधारण सात-सात, आपल्या इन्सुलिनसारखीच प्रोटीनं बनवतात. त्या पेशी मारल्या तर अळी वाढत नाही, उशीर होतो, आणि तिच्या रक्तात साखर चढते. मी स्वयंपाकघरात बसून घास मोजत होते, आबांच्या बोटातून रक्त काढत होते, आणि त्या दोन्हींत एकच गोष्ट चालू होती हे मला तेव्हा माहीत नव्हतं. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी स्टाफरूममध्ये होते आणि डोळे भरून आले, कारण सांगता येईना कुणाला.

काटा सापडला २००५ साली. एकाच वर्षी तीन वेगवेगळ्या गटांनी सांगितलं की अळीच्या मेंदूजवळ जी प्रोथोरॅसिक नावाची ग्रंथी आहे, जिथून एक्डायसोन सुटतं, तीच वजन करते. म्हणजे सगळ्या अंगाला जसं इन्सुलिन मिळतं तसं त्या ग्रंथीलाही मिळतं, खाणं चांगलं असेल तर तीही वाढते, आणि तिच्यापुरता भरणा झाला की ती एक्डायसोन सोडायला लागते. अळी स्वतःला काट्यावर घालत नाही, तिच्या आत एक छोटी ग्रंथी आहे आणि तिच्यावरून सगळ्या अंगाचा अंदाज घेतला जातो. ही ग्रंथी मुद्दाम मोठी केली तर अळी लवकर थांबते आणि बुटकी माशी होते. ग्रंथीची वाढ दाबली तर अळी खातच राहते, दिवसच्या दिवस, आणि प्रचंड होते. अंग भरलेलं असतं, काट्याला कळत नसतं.

हे आबांना सांगायला मी मुद्दाम शनिवारी गेले. वर्तमानपत्राच्या कडेला अळी काढली, मेंदू काढला, ग्रंथी काढली. ते चष्मा लावून बघत होते. म्हणाले, "म्हंजे सगळी गाडी काट्यावर घेत न्हाईत. नमुना काढत्यात." कारखान्यात उसाची रिकव्हरी, म्हणजे उसातून साखर किती निघते ते, बघायला नमुना काढतात तसं. मी शिकवताना आजही हेच वाक्य वापरते, याहून चांगलं मला सुचलेलं नाही.

मेंदूला कोण सांगतं हेही हळूहळू कळलं. अळीच्या अंगात मेदपिंड असतो, पांढरा, पसरलेला, तो आपल्या यकृताचं आणि चरबीचं काम एकत्र करतो. यीस्टमधलं प्रोटीन पचून त्याचे तुकडे तिथं पोचले की तो मेंदूतल्या त्या पेशींना निरोप धाडतो आणि मग इन्सुलिन सुटतं. साखर किती आली याच्यापेक्षा प्रोटीन किती आलं यावर अळीची वाढ जास्त बेतलेली. आणि २०११ साली याची दुसरी बाजू कळली. अळ्यांना खूप जास्त साखरेच्या खाद्यावर वाढवलं तर त्या धष्टपुष्ट होतील असं वाटेल, पण त्या लहान राहिल्या, उशिरा कोषात गेल्या, रक्तात साखर चढलेली, अंगात चरबी साठलेली, आणि इन्सुलिनला दाद देईनाशा झालेल्या. आबांच्या रिपोर्टवरचे शब्द तेच होते. माणूस म्हणजे अळी नव्हे हे मला कळतं, तिच्यात आठ प्रकारची इन्सुलिनं आहेत, अंड्यापासून माशी होईपर्यंतचं तिचं सगळं दहा दिवसांत उरकतं, एकावरून दुसऱ्याचं औषध काढता येत नाही. पण भरलेपणाचा निरोप ज्या तारेवरून जातो ती तार एवढ्या जुन्या काळापासून एकच आहे, आणि ती जास्त गोडानं तिथंही गंजते, इथंही, हे मला कुठल्याही पथ्याच्या कागदापेक्षा जास्त पटलं.

मला सगळ्यात आवडायचा तो भाग राहिलाच. थांबणं.

तिसऱ्या अवस्थेच्या शेवटी एक्डायसोनची मोठी लाट येते आणि चार दिवस न थांबलेली अळी थांबते. आकडे फिरायचे बंद होतात. ती खाद्यातून बाहेर येते आणि काचेवर चढायला लागते, कोरड्या जागेच्या शोधात. खाद्य खाली तसंच असतं, मुबलक, ती वळून जात नाही. हे बरोबर वेळेला टिपण्यासाठी एक सोपी युक्ती आहे, खाद्यात ब्रोमोफिनॉल ब्लू हा निळा रंग घालायचा. अळीचं अंग पारदर्शक, त्यामुळे खाणाऱ्या अळीचं पोट गडद निळं दिसतं. चढायला लागली की पोट रिकामं करायला घेते, निळा रंग फिका होत जातो, आणि पूर्ण पांढरी दिसली की समजायचं आता काही तासांत कोष. लाळग्रंथीतून चिकट पदार्थ सोडते, काचेला स्वतःला चिकटवते, कातडी आखडते, पांढऱ्याची तपकिरी होते. मग आत ते फुगलेलं अंग बरंचसं विरघळतं आणि त्या घडी घातलेल्या पिशव्या उलगडतात. चार-साडेचार दिवस काही खाणं नाही. एवढंच काय, माशी बाहेर आल्यावरही पहिल्या दिवसांत अळीच्या वेळच्या मेदाच्या काही पेशी तिच्या पोटात शिल्लक असतात, ती शिदोरी पुरवते.

आबांना निळी पोटं भयंकर आवडायची. बाटली उजेडाकडं धरून सांगायचे, ह्ये अजून खुराकावर हाय, ह्यानं सोडला, ह्ये सोडायलंय. "सोडायलंय" म्हणताना त्यांचा आवाज बदलायचा, हे मला तेव्हा जाणवलं नव्हतं.

आता आबा अठ्ठ्याहत्तरचे आहेत. गंगावेशीत दूध प्यायला जाणं बंद झालं, चहा बिनसाखरेचा, सकाळी नाचणीची आंबील, रंकाळ्यावर एक फेरी. परवा मे महिन्याच्या त्या उकाड्यात टेबलावरची केळी जरा जास्तच पिकली आणि मी एक बरणीत चिरून झाकण न लावता विसरले. चार-पाच दिवसांनी बघते तर काचेवर अळ्या. मी बरणी घासायला मोरीत नेली तर आबा मागून म्हणाले, "ऱ्हाऊ दे की. पोरं वर आल्यात." मग खिडकीत उजेडाला ठेवली. रंग नव्हता घातलेला, त्यामुळे पोट निळं दिसायचा प्रश्न नव्हता, पण ते तरी बोट लावून बघत होते कुठलं थांबलंय, कुठलं अजून खाली केळात तोंड घालून आहे. संध्याकाळपर्यंत सात कोष झाले. मी जुन्या सवयीनं स्केचपेननं काचेवर तारीख घातली, आणि आबा म्हणाले, वेळ पण घाल, सव्वासहा.